मिरचीचं माहेर

…मिरची! तुम्हाला सांगतो, दुसरं कोणी असतं ना, तं मी सहन केलं असतं! भाऊबंदानं बांध कोरला, सहन केलं. सोयाबीनचं बी उगवलंच न्हाई, सहन केलं. भाचा माझी फटफटी घेऊन गेला अन् टाकी कोरडी करून दारात आणून लावली, वर म्हणतो कसा, "मामा, गाडी लै छान पळती"… ते बी सहन केलं! पण मिरची? जिच्या नावानं माझ्या डोळ्यातून जेवढं पाणी आलं तेवढं सख्ख्या चुलत्याच्या मयतीला बी आलं न्हाई, जिच्याबगर एक घास माझ्या गळ्याखाली उतरला न्हाई, ती मिरची… परदेशी निघावी? एवढी वर्षं आपल्या घरात राह्यली, आपल्या खलबत्त्यात कुटून घेतलं, आपल्या दारावर लिंबासंगं लटकली, अन् एका शब्दानं बोलली न्हाई की बाबा, मी हितली न्हाई! आता तुम्हीच सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तं कोणावर?

न्हाई, हसू नका. तुम्हाला वाटून राह्यलं म्हातारं चळलं. मी रखमाजी, मंठा तालुक्यातला. गावाचं नाव न्हाई सांगत, ते आधीच फोनवर लै फिरलंय. घरची शेती, घरची ज्वारी, घरची तूर, चुलीवरची भाकर. पासष्ट वर्षं झाली, एक दिवस पोट बिघडलं न्हाई. अन् मधी त्या पोटाचं काय झाल्तं? विजारीची नाडी पहिल्यापेक्षा चार बोटं जास्ती लोंबून राह्यल्ती. हे सगळं कशानं झालं? एका देवळात एक वाक्य जास्तीचं बोल्लो म्हणून!

आता तुम्हाला म्हाईतच हाय, देवाच्या ठिकाणी गेलं की एक वस्तू सोडायची पद्धत हाय आपल्यात. सोडायची म्हणजे, आजपासून हे खाणार न्हाई, देवाला वाह्यलं. अन् लोक सोडतात काय? जे खातच न्हाईत ते सोडतात! रामनवमीला आम्ही जीप करून जांब समर्थला गेल्तो. दर्शन झालं, झाडाखाली बसलो, आमच्या गावचे कीर्तनकार धर्मराज महाराज संगं होते, ते म्हणले, "आलात तं काही सोडून जा." झालं! कांताबाई म्हणती, "मी फणस सोडला." आता मला सांगा, आपल्या अख्ख्या तालुक्यात फणसाचं एक झाड हाय का? बाईनं जन्मात फणस उचलून बघितला न्हाई, अन् सोडला! मंग आमचे अण्णासाहेब उठले. अण्णासाहेब म्हणजे माझा शेजारी, साठ वर्षांची दोस्ती, त्यातली पंचावन्न भांडणात गेली. छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, असा आवाज काढून म्हणतो, "मी… कारलं… सोडलं!" ह्यानं शाळेत असताना कारल्याची भाजी म्हशीच्या पुढ्यात टाकल्ती, माझ्यासमोर! म्हशीनं बी सोडल्ती! अन् लोक माना डोलवून राह्यले, वा अण्णासाहेब, वा!

मंग माझं डोकं फिरलं. म्हणलं हा कारल्यावर वाहवा घेऊन राह्यला, मी काय कमी हाय का? उठलो, उपरणं नीट केलं अन् म्हणलं, "आजपासून ह्या रखमाजीच्या पोटात परदेशी अन्नाचा कण जाणार न्हाई! जे दुसऱ्या देशातून आलं ते बंद! नूडल बंद, केक बंद, पिझ्झा बंद, अन् माझ्या पैशानं दुसऱ्याला बी चारणार न्हाई!" टाळ्या! तुम्हाला सांगतो, टाळ्या पडल्या. बाया म्हणल्या, असा माणूस पाह्यजे. अन् अण्णासाहेबानं काय केलं? फोन काढून सगळं भरून घेतलं अन् तिथल्या तिथं गावाच्या ग्रुपवर टाकलं. मला वाटलं, दोस्त हाय, कौतुकानं टाकलं असंल. मी स्वतः म्हणलं, जरा आवाज मोठा येऊ दे.

आता हितं एक गोष्ट मधीच सांगावी लागंल, कारण तुम्ही कुठून तरी ऐकणारच. माझी नात हाय, राजनंदिनी. लेकाची, रामप्रसादची पोरगी. ह्या साली दहावीला होती. संक्रांतीच्या सुमाराला ती अभ्यास करून राह्यल्ती अन् मी आपला बाजूला शेंगा फोडत बसल्तो, तं मी सहज म्हणून गेलो, "राजू, नव्वदच्या वर मार्क पाड, तुला जालन्याला नेऊन पिझ्झा खाऊ घालतो. मी बी खाईन तुझ्यासंगं, एका ताटात!" आता नव्वद! आमच्या घरात तोवर सगळ्यात जास्त मार्क कोणाचे, तं रामप्रसादचे, एकावन्न. मला काय वाटलं असंल तुम्हीच सांगा. पण पोरगी उठून बसली, "आबा, शब्द?" म्या म्हणलं, "शब्द!" हातावर हात मारला. सोनूबाई, म्हणजे आमची मंडळी, चुलीपाशी बसून ऐकून राह्यल्ती.

मंग तुम्ही म्हणाल, रखमाजी, पिझ्झ्यातून सुटायला म्हणूनच तुम्ही देवाच्या दारात… न्हाई हो! बिलकुल न्हाई! तसं काही मनात न्हवतं. म्हणजे… पेपर सोपे गेले असं ती म्हणल्ती, ते डोक्यात असंल थोडंसं. पण देवाची शपथ, फार न्हाई.

निकाल लागला. त्र्याण्णव! पोरगी पळत आली, पेढा माझ्या तोंडात घातला अन् म्हणती, "आबा, कवा जायचं जालन्याला?" मी पेढा गिळला, घसा साफ केला अन् म्हणलं, "राजू, गेलो असतो गं. पण देवाला शब्द देऊन बसलो ना. परदेशी अन्न सोडलं. आता देवापुढं माझं काय चालणार?" तुम्हाला सांगतो, पोरगी रडली असती तं बरं झालं असतं. रागावली असती तं बी चाललं असतं, मी समजूत घातली असती, गारेगार आणलं असतं. तिनं पेढ्याच्या डब्याचं झाकण लावलं, अन् मंग म्हणली, "बराबर हाय आबा. देवाचा शब्द मोडायचा न्हाई." एवढंच. अन् आत गेली. मला वाटलं, सुटलो! केवढी समजदार पोरगी, म्हणलं, कोणाची नात हाय!

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. पहिला घास मोडला, ठेच्यात बुडवला, तोंडापाशी नेला… अन् मागून आवाज आला, "आबा, थांबा." बघतो तं राजनंदिनी. हातात शाळेची वही, नाकावर चष्मा, चेहरा असा जसा का तहसीलमधून नोटीस घेऊन आली. "आबा, ठेचा न्हाई खायचा." म्या म्हणलं, काहून गं, पाल पडली का? "न्हाई. मिरचीचं माहेर मेक्सिको." म्या म्हणलं, कोणाचं माहेर? "मिरचीचं. अमेरिका खंडातली हाय ती. पोर्तुगीज लोकांनी जहाजात घालून आणली, पाचशे वर्षांखाली. त्याच्या आधी आपल्याकडं मिरची न्हवतीच." अन् माझ्यासमोरून ठेच्याची वाटी उचलली! मी घास हातात धरून बसलो. म्हणलं ही पोरगी खोटं बोलून राह्यली, तं तिनं फोनवर भूगोलाच्या मॅडमला लावून दिलं, अन् मॅडम कशा गोड आवाजात म्हणतात, "हो आजोबा, अगदी बरोबर आहे, राजनंदिनी फार हुशार मुलगी आहे हो तुमची!" हुशार! माझं ताट उपाशी मरून राह्यलं अन् हिला कौतुक सुचून राह्यलं!

म्या म्हणलं, जाऊ दे, शेंगदाण्याची चटणी तं हाय. "शेंगदाणा ब्राझीलकडचा." चटणी गेली. पिठलं? "हरभरा तुर्कस्तानाकडचा." पिठलं गेलं! ताटात राह्यली भाकर, अन् वहीत बघून पोरगी म्हणती, "भाकरीचं नंतर सांगते, एवढं एकदम न्हाई सांगत, तुम्हाला त्रास होईल." म्हणजे बघा! अन् सोनूबाई, चाळीस वर्षांचा संसार, मी म्हणलं ही तरी बोलंल माझ्या बाजूनं, तं ती पदर तोंडावर धरून हसून राह्यली! आता तुम्हीच सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तं कोणावर?

तसा मी हार मानणारा न्हाई. म्हणलं, दोन दिवसांनी एकादशी हाय, उपासाचं अन्न तं पवित्र, देवाचं, ते कुठलं परदेशी असणार? त्या दिवशी सकाळपासून पोटात कावळे ओरडून राह्यलेले, सोनूबाईनं साबुदाण्याची खिचडी केली, असा वास सुटला, मी पाट मांडून बसलो… अन् वही आली! "आबा, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलचा. त्यात बटाटा हाय, तो पेरू देशाचा. शेंगदाणा झालाच. मिरची झालीच. अन् रताळं शिजवलंय ना, ते बी तिकडचंच." म्हणजे काय झालं बघा! रोजच्या ताटात निदान अर्धं तरी आपलं असतं, अन् उपासाला, देवाच्या नावानं, आपण नुसता परदेश खाऊन राह्यलो! एकादशीला पोर्तुगीजांचं जहाज ताटात रिकामं करतो आपण! माझा तं देवावरचा… न्हाई, देवावरचा न्हाई उडाला, पण खिचडीवरचा विश्वास बिलकुल उडाला.

अन् मंग तिसऱ्या दिवशी तिनं ज्वारीचं सांगितलं.

ज्वारी आफ्रिकेची.

हे ऐकलं अन् खरं सांगतो, उठून माजघरात गेलो. तिथं ज्वारीची पोती रचून ठेवलेली, ह्या साली चांगली झाल्ती, मोत्यावानी दाणा. ह्या हातानं पेरली. पाखरं येऊ नयेत म्हणून माचावर बसून गोफण फिरवली, पोरपणापासून, माझ्या बापानं फिरवली, त्याच्या बापानं फिरवली. हुरड्याला पाहुणे आले तं छाती काढून सांगायचो, ही आपली मालदांडी ज्वारी, ह्या मातीची! अन् ती उभी आपली गुमान! मी पोत्याला म्हणलं, "तू बी?" सून दारातून बघून राह्यल्ती, तिनं जाऊन रामप्रसादला सांगितलं की मामंजी पोत्याशी बोलून राह्यले. रामप्रसाद आला, म्हणला, "बाबा, काही दुखून राह्यलं का?" म्या म्हणलं, हो, दुखून राह्यलं, अन् कुठं दुखून राह्यलं ते तुला न्हाई कळणार, तुला बाजरी बी चालती! तं मागून राजनंदिनी म्हणती, "बाजरी बी आफ्रिकेचीच."

मंग सुरू झाले माझे खरे हाल. कांदा? मध्य आशियातून आला. लसूण? कांद्यासंगंच आला, दोघं भाऊ. चहा? चीनचा! चहा गेला त्या दिवशी मी माझी कपबशी धुवून फळीवर पालथी घातली. टमाटा, मका, पपई, लाल भोपळा, सीताफळ… सीताफळ, हो! सीतामाईचं नाव लावून बसलंय, अन् आलंय अमेरिकेतून! काजू म्हणला मी, तं हसली पोरगी, म्हणती, "आबा, तुम्ही काजू कवा खाल्ला शेवटचा?" मंग म्या म्हणलं, आता मला हे सांग, माझ्यासाठी काही ठेवलं का पूर्वजांनी? वही उलटली, शेवटचं पान, तिथं एवढीशी यादी. तूर. मूग. तीळ. वांगं. हळद, आलं, मिरं. तांदळाचं म्हणे अजून पक्कं न्हाई, चीनवाले म्हणतात आमचा, आपले म्हणतात आमचा, तं पोरीनं दया करून तांदूळ दिला. अन् सगळ्यात खाली, तांबड्या शाईनं… कारलं!

कारलं आपलं! शंभर टक्के! म्हणजे ज्यानं कारलं सोडलं तो अण्णासाहेब माझ्या ओसरीवर येऊन, माझ्यासमोर बसून, माझ्या घरची भाकर अन् माझ्या घरचा ठेचा खातो, नाक पुसत पुसत म्हणतो, "रखमाजी, ठेचा काय झालाय रे! मिटक्या माराव्या वाटून राह्यल्या!" अन् ज्यानं फक्त नूडल सोडलं तो मी कारल्याची भाजी खाऊन राह्यलो! लसणाबगर! मिरचीबगर! वरून मिरं घालून! तुम्ही खाल्लंय का कवा मिरं घातलेलं कारलं? नका खाऊ. तीन हफ्ते खाल्लं मी. वरण-भात अन् कारलं, वरण-भात अन् कारलं. आमच्यात भात कोण खातो हो रोज? ज्याला सलाईन लागलं तो! गावात लोक भेटायला येऊन राह्यले, "काय दादा, ताप उतरला का?"

मोडायचं होतं ना मंग, तुम्ही म्हणाल. कसं मोडणार? ती चित्रफीत फिरून राह्यल्ती ना! रोज सकाळी अण्णासाहेब ती पुन्हा ग्रुपवर टाकायचा, खाली दोन हात जोडलेले. तिकडं मंठ्याच्या बाजारात एक अनोळखी माणूस माझ्या पाया पडला, म्हणतो, तुम्हीच का ते परदेशी सोडलेले बाबा! मी भज्याच्या गाड्यासमोर उभा होतो. हातात पैसे काढलेले. ते पैसे गुमान खिशात घातले अन् त्याला आशीर्वाद दिला.

अन् घरात काय चाललेलं? घरात वेगळंच! राजनंदिनीला आता नाद लागला, रोज फोनवर कुठल्या कुठल्या देशातली माणसं काय खातात ते आजीला दाखवायचं. मेक्सिकोतल्या बाया मक्याची भाकर हातावर थापतात, त्यावर मिरचीची चटणी, राजमा. इथिओपियाची माणसं सगळी एका ताटात बसतात अन् एकमेकाला घास भरवतात. एकदा सुदानमधली कोणी बाई लावली, ती ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पसरून राह्यल्ती, अन् आमची सोनूबाई फोनला नाक लावून बघते, म्हणती, "अगं बाई, तिची बी पहिली बिघडली बघ! तवा नीट तापला न्हाई तिचा. तिला सांग, जरा दम धर म्हणावं." अन् तिची दुसरी चांगली उलटली तवा हिनं हितं टाळी वाजवली! मी भात चिवडत बघून राह्यलो. म्या म्हणलं, अगं, त्यांनी आपल्याला फसवलं, एवढी वर्षं आपल्याला वाटलं ज्वारी आपली, अन् तू टाळ्या वाजवून राह्यली? तं मला म्हणती, "मी बी परतूरकडचीच हाय, शेजारच्या तालुक्यातली. चाळीस वर्षं झाली तरी तुमची बहीण मला परतूरची म्हणती. मला बी टाका वहीत लिहून, अन् करा स्वतःच्या हातानं कारलं."

मी ताट पुढं ओढलं अन् कारल्याचा घास घेतला.

शेवटी सोनूबाईलाच कंटाळा आला. माझ्यासाठी न्हाई बरं का, गैरसमज नको! दोन वेगळे स्वयंपाक करून कंटाळली. म्हणली, "धर्मराज महाराजाला जेवायला बोलवू, त्यांच्यासमोर सोडलंय, तेच वाट काढतील." महाराज आले. अण्णासाहेब न बोलावता आला. ताटं वाढली, महाराजांनी भाकरीवर ठेच्याचा गोळा घेतला, वरून तेल सोडलं, दोन घास खाल्ले, डोळे मिटले… मी त्यांच्या तोंडाकडं बघून राह्यलो, माझा गळा नुसता खालीवर. मंग म्हणले, "संकल्प मोडता येत न्हाई, रखमाजी." मी माझ्या ताटातल्या कारल्याकडं बघितलं. "पण मला एक सांगा, ह्याच्या आधी तुम्ही कोणाला काही शब्द दिल्ता का? जो फेडायचा राह्यलाय? कारण आधीचा शब्द फेडल्याबगर नंतरचा संकल्प देव धरत न्हाई. तो चालूच होत न्हाई."

मी म्हणलं, आठवत न्हाई ब्वा. राजनंदिनी वर पंख्याकडं बघून राह्यली. एक शब्द बोल्ली न्हाई पोरगी, हे सांगितलं पाह्यजे. अन् सोनूबाई भाकर थापता थापता, मान बी वर न करता म्हणली, "दिल्ता. संक्रांतीला, पोरीच्या हातावर हात मारून दिल्ता. मी ऐकलाय." सगळं सांगितलं तिनं. पिझ्झा, नव्वद, एक ताट, सगळं. महाराज माझ्याकडं बघून राह्यले, अण्णासाहेब बघून राह्यला, सून दाराआडून बघून राह्यली. लाज वाटली हो मला. पण खरं सांगू, लाजेपेक्षा आधी मला ठेचा दिसला! म्या म्हणलं, "म्हणजे महाराज, माझा संकल्प अजून लागूच झाला न्हाई?" "न्हाई." "म्हणजे मी खाऊ शकतो?" "खा की." तुम्हाला सांगतो, महाराजांचं वाक्य संपायच्या आत माझा घास ठेच्यात होता! चार भाकरी खाल्ल्या! नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, कानातून धूर, अन् मी मिरचीला म्हणलं, जा, केलं माफ, कुठची बी असशील!

अन् पाचवी भाकर मोडली तवा अण्णासाहेब, तो साठ वर्षांचा दोस्त, ढेकर देऊन म्हणतो, "पण महाराज, म्हणजे ज्या दिवशी हा पोरीला पिझ्झा चारंल, त्या दिवसापासून ह्याचा संकल्प चालू?" महाराज म्हणले, "चालू. तवापासून पक्का." घास इथं अडकला. इथं!

म्हणजे आलं का लक्षात, कसा अडकलो? पोरीचा शब्द पाळला की माझी भाकर गेली, जल्मभर कारलं. न्हाई पाळला, तं भाकर खाल्ली. किती सोपं! फक्त पोरीला न्यायचं न्हाई! पहिला दिवस खाल्ली. दुसरा दिवस खाल्ली. पोरगी काही बोलायची न्हाई. वही बी आणायची न्हाई. उलट जेवायला बसलो की ठेच्याची वाटी माझ्याजवळ सरकवायची, "घ्या आबा", अन् उठून जायची. बोल्ली असती तं मी उलट बोल्लो असतो! आपली भाकर, आपली मिरची, तीन हफ्त्यांनी मिळालेली, अन् चौथ्या दिवशी मला तिची चवच लागंना. मी सोनूबाईला म्हणलं, आज मीठ कमी पडलं. ती म्हणली, "मीठ बराबर हाय." एवढंच म्हणली. दहा दिवसांनी पोरगी अकरावीला जालन्याला होस्टेलवर जाणार होती. जाताना ती काय घेऊन जाणार होती? आबानं मला देवाचं नाव सांगून फसवलं, हेच ना?

पाचव्या दिवशी सकाळी मी चार भाकरी खाल्ल्या, पोट गच्च भरून, ठेचा-बिचा, शेवटचं म्हणून. सोनूबाईला म्हणलं, तुझ्या हातची भाकर आठवणीत राहील. ती म्हणली, "मरून न्हाई राह्यले तुम्ही, जल्दी जा, एसटी जाईल." अन् राजूला घेऊन निघालो.

ते हॉटेल! आत थंडगार, अन् पोरं सगळी लाल टोपी घातलेली. एक आला, म्हणतो, "सर, थिन क्रस्ट की पॅन?" म्या म्हणलं, बाळा, जे काय परदेशी असंल ते सगळं आण, आज शेवटचा दिवस हाय. तो घाबरला, राजूनंच सांगितलं काय ते. आला पिझ्झा. आठ तुकडे, एका ताटात. एक उचलला, तं त्याची ती तार, हात वर नेला तरी तुटंना, मी उभा राह्यलो तरी तुटंना! राजू हसली. तुम्हाला सांगतो, निकालानंतर पहिल्यांदा हसली पोरगी माझ्याकडं बघून. अन् टेबलावर बघतो तं मिरची! कागदाच्या पुडीत, वाळवून, कुटून, बंद केलेली! म्हणलं तू हितं बी आली का? पाच पुड्या टाकल्या. अन् खोटं कशाला बोलू, वाईट न्हवता. टमाट्याची आंबट चटणी, जाड भाकर, वर मिरची. सोनूबाईला दाखवला तं म्हणंल, कडा जळल्यात.

मी चार खाल्ले, तिनं तीन. एक राह्यला. आता आमच्या घरात ताटात अन्न टाकायचं न्हाई, हे मीच शिकवलेलं, तं माझा हात आपोआप त्या तुकड्यावर गेला… अन् तिनं माझं मनगट धरलं! "आबा, हात काढा." म्या म्हणलं, काहून? वाया जाईल ना. ती ताट स्वतःकडं ओढून म्हणती, "हा खाल्ला की पार्टी पूर्ण झाली. पार्टी पूर्ण झाली की शब्द फिटला. शब्द फिटला की संकल्प चालू. कारलं." अन् त्या लाल टोपीवाल्याला बोलावून म्हणती, "दादा, हा एक बांधून द्या." मंग माझ्याकडं न बघता, बोटं पुसत पुसत म्हणती, "राह्यलेली पार्टी पुढच्या महिन्याला. मी होस्टेलवरून येईन, तुम्ही एसटीनं या. पण आबा, त्या महिन्याला बी एक राहीलच म्हणा. माझं पोट लहान हाय."

डोळ्यात पाणी आलं. पुड्या पाच टाकल्या होत्या ना, त्याचं असंल.

तो बांधलेला तुकडा घरी आला. टाकायचा न्हाई, घरात कोणी खाल्ला की पार्टी पूर्ण, म्हणून अण्णासाहेबाला दिला. आता तो महिना भरत आला की ओसरीवर येऊन विचारतो, "रखमाजी, कवा जाऊन राह्यला रे जालन्याला? जरा मक्याचे दाणे टाकलेला आण ह्या वेळेस!" चार वेळा झालं आतापर्यंत. परवा पाचव्यांदा जायचंय. गावातले लोक म्हणतात, रखमाजीला पिझ्झ्याचं येड लागलं! त्यांना काय सांगू? मिरची मेक्सिकोची, ज्वारी आफ्रिकेची, बायको परतूरची, अन् दोस्त माझ्या तुकड्यावर टपलेला… आता तुम्हीच सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तं कोणावर? मी तं ठेवलाय बाबा, पोरगी दर महिन्याला ताटात टाकती त्या एका तुकड्यावर… सध्या आमच्या चुलीवरची भाकर त्याच्याच जिवावर चालू हाय!